अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं?

महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांची यादी उघडली की पहिलं नाव येतं अक्कलकुव्याचं. त्या मतदारसंघातलं पहिलं मतदान केंद्र म्हणजे मणिबेली. सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेच्या काठावर. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात आधी शिरलं तेही इथेच. राज्यातली ३३ गावं या धरणाच्या बुडितात आली. १९९४ साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा पुरवू नये अशी मागणी करणारा जाहीरनामा निघाला, त्यावर ४४ देशांतल्या ३२६ संस्थांनी सह्या केल्या. त्या जाहीरनाम्याला नाव दिलं गेलं ते मणिबेलीचंच. एवढंसं गाव जगाच्या नकाशावर गेलं.

आज त्याच गावातला, किंवा शेजारच्या चिमलखेडीतला, एखादा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. नववीत शाळा सुटलेली. मोलगीच्या बाजाराला आला तेव्हा कुणीतरी सांगितलं, अमुक ठिकाणी भरती आहे, फॉर्म भर. झेरॉक्सच्या दुकानात टेबलाच्या कडेला उभा राहून तो फॉर्म भरतोय. नाव, गाव, तालुका, जिल्हा. शैक्षणिक पात्रता : नववी. पुढचा रकाना अनुभवाचा. पेन तिथे थांबतं. शेजारचा म्हणतो, ‘निरंक’ लिही. तो लिहितो.

त्या ‘निरंक’पाशी मलाही थांबावंसं वाटतं, कारण ते खरं नाही. हा मुलगा वाऱ्यातही डुंगी, म्हणजे छोटी होडी, वल्हवतो. जाळं टाकतो, फाटलं तर बसून शिवतो. बांबू फोडून कूड विणतो, घर शाकारतो. उन्हाळ्यात घरच्यांबरोबर कैऱ्या सोलून, चिरून, खडकावर वाळवून आमचूर करतो. घरात आपली बोली बोलतो, नदीपलीकडे गेला की गुजराती, शाळेत मराठी, ट्रक ड्रायव्हरशी हिंदी. चार भाषा झाल्या. दोन हंगाम त्याने ऊसही तोडलेला आहे. यातलं काहीच त्या रकान्यात बसत नाही, कारण यातल्या कशाचाच कागद नाही. पदवी नसणं ही एक अडचण आहेच. पण केलेल्या कामाची कुठेच नोंद नसणं ही दुसरी अडचण आहे, आणि माझ्या मते तीच जास्त मोठी आहे. तिच्याकडे आपण पुरेसं बघतच नाही.

नोकरीची गरज त्याला का पडली, हेही सांगायला हवं. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ साली दिलेल्या निवाड्यात जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची तरतूद होती. ज्यांना ती मिळाली त्यांच्याही घरात आता तीन-तीन भाऊ कर्ते झालेत. दोन हेक्टर तिघांत वाटले की पोटापुरतं पिकतं, हातात पैसा येत नाही. काठची सुपीक जमीन पाण्याखाली आहे. जंगल आहे, पण मोहाची फुलं वेचण्याचे, तेंदूपानं तोडण्याचे दिवस मोजकेच असतात. म्हणजे बाहेरचं काम शोधणं भागच आहे.

आणि ते काम शोधायला त्याला कुठे जावं लागत नाही. काम चालत दारात येतं. ते घेऊन येतो मुकादम.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम पाड्यावर येतो. बहुतेक वेळा तो ओळखीचाच असतो, कधी नात्यातलाही. तो शिक्षण विचारत नाही, आधार कार्ड मागत नाही, मुलाखत घेत नाही. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, इतकी उचल असं सांगतो आणि पैसे तिथेच हातावर ठेवतो. वहीत नाव, त्यापुढे रक्कम, त्यापुढे अंगठा किंवा सही. ठरल्या दिवशी ट्रक येतो. भांडी, गोधड्या, पोरंबाळं, कोंबड्यासुद्धा घेऊन माणसं बार्डोली, सुरत, नवसारीकडच्या पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, जातात. दक्षिण गुजरातच्या या ऊसतोडीचा अभ्यास यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने अनेक वर्षं केला. मजुराला हंगामभर खायला ज्वारी उचल म्हणून द्यायची आणि ती शेवटी हिशेबात कापून घ्यायची, ही तिथली जुनी रीत आहे.

ऊसतोडीला ‘अकुशल’ काम म्हणतात. एकदा फडात उभं राहून बघावं. पहाटेच्या अंधारात, दवाने ओल्या झालेल्या पाचटात पाय रोवायचे. डाव्या हाताने ऊस कवेत धरायचा आणि कोयत्याचा घाव अगदी जमिनीलगत घालायचा, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते, चार बोटं वर तोडलं तर नुकसान. मग शेंडा उडवायचा, पाचट काढायचं, ऊस एका रेषेत टाकत पुढे सरकायचं. मागून येणारी बायको ते गोळा करून वाढ्यानेच मोळी बांधते. दुपारनंतर भरणी. मोळी डोक्यावर, समोर ट्रकला लावलेली अरुंद फळी, तिच्यावरून तोल सांभाळत वर चढायचं. फळी वाकते, खाली ओरडणारा मुकादम असतो आणि ट्रक भरल्याशिवाय सुटका नसते. पहिल्या आठवड्यात नवख्याच्या तळहाताला फोड येतात. दुसऱ्या आठवड्यात फोड फुटतात. तिसऱ्या आठवड्यात हात शिकतो. याला काय म्हणायचं? प्रशिक्षण नाही तर काय आहे हे? पण हंगाम संपला की हातात उरतो तो कापलेल्या उचलीचा हिशेब. या माणसाला हे काम येतं, असं सांगणारा चिठोरासुद्धा मिळत नाही. पुढच्या दिवाळीला तो पुन्हा नवखाच.

होळी जवळ आली की माणसं परतायला धडपडतात. काठी गावच्या राजवाडी होळीला जो आला नाही तो वर्षभर हळहळतो. तोवर घरातलं पोर शाळेचे चार-पाच महिने हरवून बसलेलं असतं. आज नववीत शाळा सुटलेल्या मुलाच्या गोष्टीची सुरुवात बहुधा अशाच एखाद्या पडावावर झालेली असते, आईच्या मागे मोळ्या ओढताना.

मुकादमाला शिव्या देणं सोपं आहे. त्यापेक्षा तो काय करतो ते नीट समजून घेतलेलं बरं. तो दारात येतो. कागद मागत नाही. पैसे आधी देतो. ओळखीच्या माणसांच्या टोळीतून नेतो, त्यामुळे परक्या मुलखाची भीती कमी होते. आणि अगदी वेळेवर येतो, पावसाळ्यानंतर घरातलं धान्य पुरणार की नाही याचा हिशेब चाललेला असतो त्याच आठवड्यात. डिग्री आणि अनुभव नसलेल्या माणसासाठी तोच खरं रोजगार कार्यालय आहे. त्याची किंमत जबर आहे, कारण उचल घेतलेल्या माणसाला दर ठरवायचा हक्क राहत नाही आणि मधेच काम सोडता येत नाही. पण ज्यांना या मुलाला दुसरं काही द्यायचं आहे, त्यांना मुकादमाइतकं जवळ यावं लागेल आणि त्याच्याइतकं लवकर यावं लागेल.

महाराष्ट्राने एकदा तसा प्रयत्न केला होता, आणि तो देशाला दिशा देणारा ठरला. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगावात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. मागेल त्याला काम. या तीन शब्दांत शिक्षणाची अट नाही, अनुभवाचीही नाही. प्रौढ माणूस अंगमेहनतीला तयार आहे, एवढंच पुरे.

या कायद्यासाठी पैसा कुठून आला, हे आज फार कमी नोकरदारांना ठाऊक असतं. आपल्या पगाराच्या स्लिपवर कपातीत एक ओळ असते : व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली बसवला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराच्या हातांना काम द्यायचं, असा तो करार होता. पुण्या-मुंबईत बसून मणिबेलीशी आपला काय संबंध असं वाटणाऱ्याने ती ओळ एकदा शोधून पाहावी.

पुढे २००५ साली केंद्राने देशव्यापी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ला पहिल्या २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला, त्यांत मणिबेलीचा नंदुरबार जिल्हा होता. त्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा हक्क दिला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, शक्यतो पाच किलोमीटरच्या आत, त्याहून लांब असेल तर मजुरीवर दहा टक्के जास्त, आणि काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांची हमी देणारा नवा कायदा मंजूर केला. कायदा कोणताही असो, त्याची कळ एकाच ठिकाणी आहे : मागणी लेखी हवी आणि तारखेची पोच हातात हवी. ग्रामरोजगार सेवकाला पारावर नुसतं तोंडी सांगितलं, तर काम मागितल्याचा पुरावाच राहत नाही. पंधरा दिवसांचं घड्याळ त्या पोचेवरच्या तारखेपासून चालू होतं. ती नसेल तर भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मग हमी असूनही ट्रक का भरतात? मुकादमाशी ताडून बघितलं की उत्तर मिळतं. मुकादम आधी पैसे देतो, इथे काम झाल्यावर मस्टर तालुक्याला जायचं, तिथून मजुरी बँकेत यायची, बँक डोंगर उतरून गेल्यावर. मुकादम दिवाळीला येतो, इथली कामं पुष्कळदा उन्हाळ्यात निघतात. आणि १ जानेवारी २०२३पासून हजेरीसाठी कामावरच्या मजुरांचा दिवसातून दोनदा मोबाईलवर फोटो काढणं सक्तीचं झालं. सातपुड्यात जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते तिथे ही हजेरी किती नेमाने लागेल, हे वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या आधीच्या ग्रामसभेत कामाच्या मागण्या गोळा झाल्या आणि नोव्हेंबरात काम सुरू होऊन मजुरी आठवड्यात हातात पडली, तर पाड्यावर आलेल्या मुकादमाला निदान काही घरं ‘यंदा नाही’ म्हणतील. ग्रामपंचायत, तहसील आणि बँक यांनी एका महिन्यासाठी मनावर घेतलं तरी होण्यासारखं हे काम आहे.

पण केवळ माती खणणं हेच का डिग्री नसलेल्याच्या नशिबी? मला या प्रश्नाचं उत्तर नर्मदेच्या काठावरच सापडतं.

१९९१-९२च्या सुमारास नर्मदा बचाव आंदोलनाने चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे जीवनशाळा सुरू केल्या. पुढे मणिबेलीतही झाली. सरकारी शाळा कागदावर होत्या, मास्तर डोंगर चढून येत नव्हते. मग शिकवायचं कुणी? गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या तरुणांनी. त्यांच्याकडे डी.एड. नव्हतं. पण पहिलीतल्या पोराला समजेल अशी भाषा त्यांच्याकडे होती. विचार करा, पाड्यावरचं सहा वर्षांचं मूल पहिल्या दिवशी शाळेत येतं आणि मास्तर प्रमाण मराठीत काहीतरी विचारतात. मुलाला एक शब्द कळत नाही. ते गप्प बसतं. मास्तर समजतात मूल मंद आहे. जीवनशाळेतला गुरुजी त्याच मुलाशी पावरीत किंवा भिलोरीत बोलतो, नदीतल्या माशाचं, आंब्याच्या झाडाचं नाव त्याच्याच तोंडून काढून घेतो आणि मग फळ्यावर त्याचं अक्षर दाखवतो. बोलीतल्या गोष्टींची पुस्तकंही या शाळांनी तयार केली. या शाळांतून शिकलेली मुलं पुढे शिक्षक झाली, नोकरीला लागली, मैदानं गाजवून आली. तिथे डिग्रीच्या आधी माणूस बघितला गेला, म्हणून हे घडलं.

कुणी म्हणेल, शाळेचं ठीक आहे, पण जिवाशी गाठ असलेल्या कामात डिग्री हवीच. गडचिरोलीने याचंही उत्तर दिलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, बाळाला ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि वेळ पडली तर इंजेक्शन द्यायचं. या बायकांच्या हातून नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ साली हा अभ्यास छापला आणि घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम पुढे देशभरच्या आशाताईंकडे आलं. त्याच्याही आधी, १९७०पासून, जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही गावच्या आरोग्यसेविका केलं होतं. दोन्हीकडे डिग्रीऐवजी तीन गोष्टी होत्या : गावाने निवडलेली व्यक्ती, थोडं थोडं पण वर्षानुवर्षं चालणारं शिक्षण, आणि पाठीशी उभा राहणारा जाणकार. मला तर वाटतं, अनुभव नसलेल्या माणसाला कामाला लावायचा याहून चांगला नमुना आपल्या राज्यात नाही.

आणि मणिबेलीच्या अगदी जवळचं उदाहरण २०२०मधलं आहे. कोविडच्या भीतीने नदीकाठच्या पाड्यांतल्या बायका अंगणवाडीत यायच्या बंद झाल्या. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका स्वतः नाव वल्हवत अलीगाट आणि दादरच्या वस्त्यांवर जायच्या, जाऊन-येऊन सुमारे अठरा किलोमीटर. गरोदर बायकांना आणि बाळांना आहार पोचवायचा, वजनं घ्यायची, मग पुन्हा वल्ही हातात घ्यायची. पोहता येणं, वल्हवता येणं, त्या घरांतली भाषा बोलता येणं. या कामाची खरी पात्रता ती होती.

म्हणूनच पुढची गोष्ट मला खुपते. अंगणवाडी मदतनीस व्हायला पूर्वी सातवी पास पुरायची आणि सेविका व्हायला दहावी. २०२३मध्ये दोन्हींसाठी बारावी केली गेली. शिक्षणाचा दर्जा वाढावा हा हेतू चांगला आहे. पण २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता जेमतेम ६४ टक्के होती आणि नदीकाठच्या डोंगराळ भागात त्याहूनही कमी. तिथे बारावीची अट घातली की पाड्यावरची सून बाहेर राहते आणि दुसऱ्या गावची, जिला डुंगीत बसायची भीती वाटते, ती आत येते. २०२४मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तरुणांना पहिला अनुभव मिळावा म्हणून सहा महिने काम आणि विद्यावेतन, बारावीला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीधराला दहा. कल्पना मनापासून आवडली. पण पहिला अनुभव देणारी ही योजनासुद्धा बारावीपासून सुरू होते. दहावी नापास, नववी पास, सातवी पास यांना अनुभवाची गरज जास्त आहे, आणि शिडीची खालची पायरी त्यांच्यापुढूनच काढून घेतली जाते. बदलायला हवं ते हेच.

तोवर जी दारं उघडी आहेत ती माहीत असायला हवीत. ती कमी नाहीत, फक्त विखुरलेली आहेत.

कोतवाल, ज्याला आता महसूल सेवक म्हणतात, त्याला चौथी पास चालत आलेली आहे. वनरक्षकाच्या भरतीत अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी पुरते. लेखी परीक्षा असते, धावायचं असतं आणि शेवटी पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, स्त्रियांना त्याहून कमी अंतर चालून दाखवायचं असतं. ज्याचा रोजचा रस्ताच डोंगराचा आहे त्याला चालण्याचं काय भय? भय असतं लेखी परीक्षेचं, आणि तिची तयारी करून घेणारं कुणी पाड्यावर पोचत नाही. अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, वनरक्षक, कोतवाल, स्वयंपाकी, कामाठी अशी सतरा प्रकारची पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांनी भरावीत, अशी अधिसूचना राज्यपालांनी २०१४ साली काढली.

आयटीआयबद्दल एक गैरसमज घट्ट आहे, की दहावी पास झाल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. वायरमन, वेल्डर, सुतारकाम, प्लंबर, गवंडी, शिवणकाम अशा ट्रेडना आठवी पास किंवा दहावी नापास चालतो. घरकुल योजनेत ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे : ४५ दिवस खऱ्याखुऱ्या घरकुलाच्या भिंती बांधता बांधता शिकायचं, शेवटी परीक्षा, मग प्रमाणपत्र. जिथे प्रत्येक पाड्यावर घरकुलं मंजूर होतात आणि गवंडी मात्र खालून मैदानातून येतो, तिथे हे प्रशिक्षण म्हणजे घरबसल्या मिळणारा धंदा आहे. काम येतं पण कागद नाही, अशांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. मासेमारी, सुतारकाम, बांबूकाम करणाऱ्याने तालुक्याला जाईल तेव्हा आयटीआयमध्ये तिची चौकशी करावी. आणि राहिलेली दहावी बाहेरून द्यायची असेल तर सतरा नंबरचा फॉर्म आहेच. पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण, एवढंच त्याला लागतं.

कागदांत दोन कागद मणिबेलीकरांसाठी सोन्यासारखे आहेत. पहिला जातवैधता प्रमाणपत्राचा. तो भरती निघाल्यावर नाही, आजच काढायला टाकावा, कारण आजोबा-पणजोबांचे पुरावे जमवण्यातच महिने जातात. दुसरा प्रकल्पग्रस्ताचा दाखला. राज्य सरकारच्या गट क आणि गट डच्या नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. एका कुटुंबातून एकालाच त्याचा लाभ मिळतो, तेव्हा तो कुणी वापरायचा हे घरात बसून ठरवावं. मोठा म्हणून थोरल्याला देऊ नये. अभ्यासात चिकाटी असेल त्याला द्यावा, मुलगी असेल तर मुलीला द्यावा. याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. आपण कोण हे सांगणारा कागद नंदुरबारला सगळ्यांच्या आधी मिळाला. आपल्याला काय येतं हे सांगणारा कागद अजून प्रत्येकाला मिळवायचा आहे.

तो स्वतःही थोडाफार तयार करता येतो. एक साधी वही घ्या. कुठे काम केलं, कोणत्या महिन्यात, किती दिवस, काम काय, सोबत किती माणसं, मुकादम किंवा मालक कोण, त्याचा फोन नंबर. काम संपताना त्याच पानावर त्याची सही मागा. बरेच जण देतात. मग अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’ऐवजी लिहा : दोन हंगाम ऊसतोड आणि भरणी, चार वर्षं मासेमारी, नाव चालवतो, मराठी, गुजराती, हिंदी बोलतो. बोटीवर, गोदामात, रोपवाटिकेत, हॉटेलात माणूस घेणाऱ्याला यातून कळतं की हा मुलगा पहाटे उठतो, ओझं उचलतो, शब्दाला टिकतो. पहिल्या कामावर ठेवणारा नेमकं हेच शोधत असतो. आणि हो, नोकरी लावून देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. सरकारी भरतीत परीक्षा शुल्काखेरीज कुणालाही एक पैसा द्यायचा नसतो.

शेवटी एक विनंती, ज्यांच्या हातात माणसं घेणं आहे त्यांना. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा आहे. ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं काम करतात तिला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९च्या नियमांनी त्यांत पाचवी ते नववी शिकलेल्यासाठीही दरमहा किमान पाच हजार विद्यावेतन ठरवलं आहे, म्हणजे कायद्यात तो मुलगा बसतो. तरीही या जागा बहुतेक आयटीआय आणि पदविकावाल्यांनीच भरल्या जातात. नंदुरबार, शहादा, धुळे, नाशिक, कुठेही तुमचा कारखाना, गोदाम, गॅरेज, दवाखाना, छापखाना असेल आणि माणसं तीसच्या वर असतील, तर यंदाच्या शिकाऊ जागांपैकी एक नववी शिकलेल्यासाठी ठेवा. त्याची मुलाखत घेताना ‘किती शिकलास?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘काय येतं तुला?’ आणि मग ते करून दाखवायला सांगा.